कोरी वाटी

आमच्या विभागात कुठलीही मीटिंग असली की आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, एक खुर्ची जास्त मांडायला लावत. त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. पुण्याच्या हेड ऑफिसहून आलेले साहेब एकदा नकळत तिथे बसायला निघाले, तर सरांनी त्यांचा दंड धरला.

"तिथं नका बसू साहेब. ते कोरी हाये."

साहेबांनी खुर्ची निरखून पाहिली. रंग ओला असेल असं त्यांना वाटलं असावं.

"मीटिंग झाली का या रिकाम्या खुर्चीनं किती काम केलं ते पाह्याचं," सर म्हणाले. "तेवढं आपल्या कामातून वजा कराचं. उरलं ते आपलं."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"त मंग चहा घ्याचा."

मी घाईघाईने साहेबांची माफी मागितली. खरं तर त्या खुर्चीत माझा काही हात नव्हता, पण माझा स्वभावच तसा आहे. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी 'सॉरी' मीच म्हणतो. सर त्यावरून मला छळत. "अरे बाप्पा, माफी मांगाच्या आधी एखांदी गलती त करत जा! रिकामी माफी कोणाच्या कामाची?"

आमचं काम काय होतं ते आता सांगायला हवं, नाहीतर सर वेडे वाटतील. सांगितल्यावरही वाटतील, पण निदान कशापायी ते कळेल.

अमरावतीच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना इंजेक्शनांतली औषधं बनवतो. ही औषधं म्हणजे प्रथिनं. ती जिवाणूंकडून वाढवून घ्यायची, आणि जिवाणू त्यांच्यासोबत आपला सगळा संसार पदरात टाकतात. त्या काल्यातून नेमकं औषध वेगळं काढायचं, हे आमच्या विभागाचं काम. त्यासाठी बारीक मण्यांनी भरलेली एक उभी नळी असते. वरून तो काला ओतायचा. मीठ आणि आंबटपणा जमला, तर औषध मण्यांना चिकटून राहतं आणि घाण वाहून जाते. मग मिठाचं प्रमाण बदललं की औषध मणी सोडून स्वच्छ होऊन खाली उतरतं. सगळी मेख त्या 'जमला तर'मध्ये आहे. किती मीठ, किती आंबट, कुठले मणी, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून तळहाताएवढी एक प्लेट घ्यायची. तिच्यात ओळीने इवल्या इवल्या वाट्या असतात. वाटीवाटीत चिमूटभर मणी घालायचे, प्रत्येकीला वेगळं मीठ आणि वेगळा आंबटपणा द्यायचा, आणि कुठल्या वाटीत औषध नीट चिकटून नीट सुटतं ते यंत्राने वाचायचं. याला स्क्रीनिंग म्हणतात. त्यात एक वाटी अशी ठेवायची की जिच्यात औषध घालायचंच नाही. ती ब्लँक. सर तिला कोरी म्हणत. यंत्राने कोरीत शून्य दाखवलं, तरच बाकीच्या वाट्यांवर विश्वास ठेवायचा.

एवढंच. बाकी जगात लोक हे प्रयोगशाळेत करतात आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जातात. सरांनी ते आयुष्याला लावलं होतं.

कॅंटीनच्या चहात साखर किती असावी यावर त्यांनी एकदा टेबलभर कप मांडले. डावीकडून उजवीकडे साखर वाढत गेलेली, वरून खाली उकळी. एका कपात नुसतं गरम पाणी, ते कोरं. चव घ्यायला आम्ही. "कोपरे आधी," सर ओरडत. "मधात त सारेच गोड लागते. माणूस कोपऱ्यात पारखाचा." सगळ्यात बिनसाखरेचा आणि सगळ्यात जास्त उकळलेला कोपरा नेहमी माझ्या वाट्याला येई आणि मी तो पिऊन सॉरी म्हणत असे. शेवटी निकाल काय लागला? "अजून एक प्लेट लावा लागन," असा. कॅंटीनच्या मावशींनी पदराने कपाळ पुसलं आणि जसा रोज करायच्या तसाच चहा केला.

घराचंही तेच. सर राहायला अकोल्याला. रोज रेल्वेने बडनेऱ्याला यायचं, तिथून ऑटोने कारखान्यात. अमरावतीत भाड्याचं घर ते मी नोकरीला लागायच्या आधीपासून शोधत होते. राजापेठ पाहून झालं, साईनगर पाहून झालं. प्रत्येक घर ते भर दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा पाहत, आणि तुलनेसाठी त्याच गल्लीतल्या एखाद्या रिकाम्या प्लॉटवरही थोडा वेळ उभे राहत. एका घरमालकाने त्यांना विचारलं, "भाऊ, तुमाले घर पाह्यजे का प्लॉट?" सर म्हणाले, "घर. पण घर नसतं त कसं वाटलं असतं, ते कळाले नको काय?" मालकाने ते घर दुसऱ्याला दिलं.

एका रविवारी त्यांनी मला अकोल्याला जेवायला बोलावलं. वहिनी वाढत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशा काय सहन करता यांना?"

"मले पाह्याले तीनदा आले हे," वहिनी म्हणाल्या. "एकदा आईसंग, एकदा मोठ्या भावासंग. अन् तिसऱ्यांदा मी मामाच्या घरी हिवरखेडले गेलती, तवा येऊन बसले! माहे बाबा म्हणे, पोरगी त घरी नाही. त हे म्हणतेत, मले मालूम हाये, म्हणूनच आलो. ती नसताना घर कसं लागते ते पाह्याचं होतं."

मी सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून भाकरी कुस्करत होते.

"फरक पडला होता," ते म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाकी ठीक हाये, पण या बामाचं काहीतरी करा. उशीले बाम, टावेलले बाम. काल वरणाले वास येऊन राहिला होता."

हे खरं होतं. रोजच्या गाडीच्या धक्क्यांनी आणि वऱ्हाडी उन्हाने सरांचं डोकं धरायचं. खिशात बामाची बाटली कायम. सर जिन्यात असले की त्यांचा वास आधी विभागात हजेरी लावे आणि आम्ही खुर्च्या सरळ करून बसत असू.

त्यांचं एक वाक्य मात्र मी नव्या मुलांना अजून सांगतो. एखाद्या वाटीत औषध मण्यांना असं घट्ट धरून बसायचं की काही केल्या सुटायचं नाही. आम्ही खूश व्हायचो, वा, काय चिकटलंय. सर ती वाटी बाद करत. "चिकटाले काय अक्कल लागते? गोचीडही चिकटते. वेळेवर सुटाले लागते."

ऑफिसात तेव्हा याचा अर्थ वेगळाच काढला जायचा, कारण सर स्वतः सुटत नव्हते. निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं. हेड ऑफिस दरवर्षी त्यांना एकेक वर्ष वाढवून देई आणि दरवर्षी पुण्याचे साहेब आम्हाला खासगीत विचारत, "हे अजून किती दिवस?"

अशात एक मोठा ग्राहक आला. त्यांना त्यांचं एक नवं औषध आमच्याकडून शुद्ध करून हवं होतं. आम्ही स्क्रीनिंग करून एक पक्की कंडिशन, म्हणजे मीठ-आंबटपणाचं नेमकं प्रमाण, ठरवायची, तिच्यावर विभागप्रमुखाची सही, आणि ग्राहकाची माणसं सोमवारी येऊन ती तपासणार. जमलं तर पुढची कित्येक वर्षं काम. नाही जमलं तर आमचा विभाग बंद करून यंत्रं हैदराबादच्या कारखान्यात हलवायची, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. माणसं हलवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. मला तिवसा सोडून जाता येण्यासारखं नव्हतं. तिथे वडील अंथरुणाला खिळलेले. यंत्र चालवणाऱ्या शकीलभाईंचं सगळं गोत अचलपुरात.

चांगली कंडिशन सापडलीही. एका वाटीत औषध झकास चिकटत होतं, झकास सुटत होतं. आणि कोपऱ्यातली कोरी वाटी शून्य दाखवायला तयार नव्हती! जिच्यात काही घातलंच नाही तिच्यात औषध असल्याचं यंत्र म्हणत होतं.

सरांनी सहीला नकार दिला. "कोरी खोटं बोलून राहिली, त बाकीच्या खऱ्या कशा म्हणाच्या?"

पाणी बदललं. मीठ बदललं. प्लेटांचं नवं खोकं फोडलं. सरांना अमरावतीच्या पाण्याचा संशय आला, म्हणून त्यांनी अकोल्याहून कॅनमध्ये पाणी आणलं. गाडीत लोकांना वाटलं तीर्थ आहे; एका आजीने ओंजळभर मागून घेतलं. कोरी आपली तशीच.

साहेबांचा पुण्याहून फोन आला तो मला. "ती रिकामी वाटी रिपोर्टात दाखवायची काय गरज आहे? रिकामी आहे ना? मग काढून टाका." मी त्यांना सॉरी म्हटलं. तिकडे सर म्हणत होते की सगळं स्क्रीनिंग पहिल्यापासून नव्या मण्यांवर करू. म्हणजे सोमवार गेला, आणि सोमवारसोबत आम्ही.

गुरुवारी वहिनींना ताप आला म्हणून सर आले नाहीत. त्या दिवशी कोरी शून्य आली. शुक्रवारी सर आले, कोरी पुन्हा बिघडली.

"क्या बोलना अब," शकीलभाई यंत्रावर हात टेकून म्हणाले. "सर छुट्टी पे, तो प्लेट साफ. सर ड्यूटी पे, तो गंदी. झाड-फूँक करना पडती क्या?"

मग मी प्रयोग सोडून सरांकडेच पाहत बसलो. सरांनी हातमोजे चढवले. डोकं दुखत होतं म्हणून खिशातली बाटली काढली आणि मोजा घातलेल्याच बोटाने कपाळाला बाम लावला. हाताची घाण प्लेटला लागू नये म्हणून मोजे घातले होते ना. मग हात स्वच्छच! नंतर प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली, नेहमीसारखी, कोरीच्या कोपऱ्याला खालून अंगठा लावून. प्लेट तिथेच का धरायची हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. कोरीत काही नाहीच, तिला काय होणार?

आमचं यंत्र प्रत्येक वाटीतून डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतं आणि किती पार गेला ते मोजतं. बाम तो उजेड पिऊन टाकतो. यंत्राला वाटतं, वाटीत औषध आहे.

सर जेवायला गेले तेव्हा मी प्लेटच्या बुडाला स्पिरिटचा बोळा फिरवला. शकीलभाईंनी पुन्हा वाचलं. शून्य.



"पोंछ दिया, साफ हो गया, बात खतम," शकीलभाई हळूच म्हणाले. "सर को बोलना जरूरी है क्या? उनका तो मजहब है वो कटोरी."

सांगितल्याशिवाय भागणार नव्हतं. कोरी आपोआप शुद्ध झाली म्हटलं असतं तर सरांनी विचारलं असतं, कशानं झाली, आणि कारण कळेपर्यंत सही केली नसती. संध्याकाळी मी त्यांना मोटरसायकलवर बडनेऱ्याला सोडायला गेलो. फलाटावरच्या बाकावर बसून मी आधी तीनचार वेळा माफी मागितली.

"आता काय केलं बाप्पा तू?"

"मी नाही सर. तुम्ही."

आणि सांगून टाकलं. बाम, मोजा, अंगठा, बोळा. सर ऐकत होते. अकोल्याची गाडी आली. चढणारे चढले, उतरणारे उतरले, एक संत्रीवाला आमच्यापुढे टोपली घेऊन थांबून गेला. गाडी सुटली. सर बाकावरच.

"सर, तुमची गाडी..."

"मीच होतो म्हणजे," ते म्हणाले. "अन् मी अमरावतीच्या पाण्याले नावं ठेवून राहिलो होतो." मग एकदम उठले. "चाल. वापस चाल. हे त नुसतं तुहं म्हणणं झालं. पाह्यलं पाह्यजे."

त्या संध्याकाळी सरांनी स्वतःच्या कपाळाचं स्क्रीनिंग केलं. कपाळाला बोट लावायचं, तेच बोट प्लेटच्या बुडाला. बाम लावलेलं कपाळ, धुतलेलं कपाळ. मोज्याचं बोट, उघडं बोट. अंगठा कोपऱ्याला, अंगठा मधोमध. शकीलभाईंचं कपाळ तुलनेला. कोरं म्हणून माझं घेतलं. ते शून्य आलं तेव्हा सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या डोक्याचं असं कौतुक त्याआधी आणि त्यानंतर झालेलं नाही. निकाल लख्ख होता. सरांनी कंडिशनवर सही केली आणि वहिनींना फोन लावला, "आज उशीर होईन. एक चोर सापडला." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो," सर म्हणाले, "वळखीचाच हाये."

सोमवारी ग्राहकाच्या बाई आल्या. शांत, बारीक चष्म्याच्या. साहेब पुण्याहून नवा टाय लावून आले होते. जास्तीची खुर्ची त्यांनी आधीच बाहेर ठेवायला लावली होती. सरांनी ती आत आणली. रिपोर्ट चाळून बाई म्हणाल्या, "शेवटचं रीडिंग उत्तम आहे. पण आधीच्या बहुतेक प्लेटांमध्ये ब्लँक खराब दिसतोय. तो का?"

साहेब हसले. "मशीनचा दोष होता मॅडम. ऑपरेटरच्या लक्षात आला नाही. आता दुरुस्त केलंय."

शकीलभाई दाराशी उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. मला इतकंच हवं होतं की सरांनी गप्प बसावं. विभाग वाचला होता, मुदतवाढीचा कागद साहेबांच्या बॅगेत होता, आणि यंत्राला काही अब्रू नसते.

सर उठले.

"मशीन ठीक हाये मॅडम. मशीनवाला त्याच्यापेक्षा ठीक हाये. दोष कपाळाचा हाये."

"कोणाच्या?"

"माह्या." आणि खिशातली बामाची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली, बरोबर साहेबांच्या पुढ्यात. मग कपाळाच्या प्लेटचे आकडे बाईंपुढे सरकवले. बाईंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे कोरं कपाळ कोणाचं?"

"माझं. सॉरी," मी म्हणालो.

बाई हसल्या, आणि जाताना साहेबांना म्हणाल्या, की बहुतेक ठिकाणी त्यांना ब्लँक फक्त चांगलाच दाखवतात. काम आम्हालाच मिळालं.

मग हेड ऑफिसने धडा घेतला. कॉरिडॉरमध्ये बोर्ड लागला, 'विभागात बाम लावण्यास सक्त मनाई आहे.' सर्दीचं औषध, डोक्याचं तेल आणि अत्तर यांचा निर्णय करायला एक समिती नेमली. ती अजून बसते. सगळ्यांना एक ट्रेनिंग झालं, ज्यात कपाळाला हात लावू नये हे समजावून देणाऱ्या माणसाने तीनदा स्वतःचं कपाळ पुसलं. आणि सरांना मुदतवाढ मिळाली नाही. कारण दिलं होतं, हातमोज्यांच्या नियमाचा भंग. त्यांच्या जागी मला बसवलं.

निरोपाच्या दिवशी मी त्यांना बडनेऱ्याला सोडायला गेलो. तोच बाक. मी म्हणालो, "सर, मला माफ करा. बोळा फिरवून मी गप्प बसलो असतो तर तुम्ही आज विभागात असता." हे मला खरोखरच वाटत होतं. आजही वाटतं. खरं सांगण्याची शिक्षा सांगणाऱ्याला न होता ऐकणाऱ्याला झाली, आणि खुर्ची सांगणाऱ्याला मिळाली. या हिशेबातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

सरांनी थोडा विचार केला. प्रामाणिकपणे केला, मला तसं दिसलं.

"याच्यात गलती कुठं हाये?" ते म्हणाले. "हेही माफी वायाच गेली तुही."

गाडी आली. ते चढले. दारातून म्हणाले, "अन् वेळेवर सुटलो म्हणा. गोचीड होऊन राह्यलो होतो गड्या."

आता मीटिंगला जास्तीची खुर्ची मी मांडतो. साहेब कुरकुरतात, पण काम येतं आहे तोवर चालवून घेतात. मीटिंग संपली की मी मनात वजाबाकी करतो. बहुतेक वेळा चहाच घ्यावा लागतो.

मागच्या उन्हाळ्यात सर कोणाच्यातरी लग्नाला अमरावतीला आले होते, तेव्हा विभागात डोकावले. आमची मीटिंग चालू होती. वास आधी आला, मग सर. शकीलभाई तर उभेच राहिले. खोलीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या; रिकामी ती एकच. मी म्हणालो, "सर, बसा ना. त्याच खुर्चीवर बसा."

"नाही बाप्पा," सर म्हणाले. "ते कोरी हाये. एकदा बिघडवली, तेवढं बस्स झालं."

ते उभ्यानेच बोलले. वहिनींचे गुडघे, अकोल्याचं ऊन, आणि अमरावतीत घर बघणं अजून चालू आहे, सवय म्हणून. मग कपाळ दाबत निघून गेले. आम्ही पुन्हा विषयाकडे वळलो. थोड्या वेळाने शकीलभाईंनी मला खुणावलं. मी उठलो आणि रिकाम्या खुर्चीजवळ गेलो. बोलताना सर तिच्या पाठीवर हात टेकून उभे होते; तिथे बामाची बोटं उमटली होती.

त्या दिवशीची वजाबाकी मी केली नाही. मीटिंग दुसऱ्या दिवसावर टाकली. खुर्ची पुसून घ्यायला शकीलभाईंनी बोळा आणला होता. तो मी त्यांच्या हातातून घेतला आणि तसाच कोरडा खिशात ठेवून दिला.